स्टॅबिलायझर वीज बनवत नाही, भो!

आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) दिवस, पारा ४५ वर आणि सॉकेटला २३० च्या जागी १६५ व्होल्ट. पंख्याची पाती मोजून घ्या, मिक्सर शेवभाजीचा मसाला वाटताना रडतोय आणि फ्रिज दर चार मिनिटांनी ‘हूंऽऽ… कट्ट’. ते ‘कट्ट’ म्हणजे कॉम्प्रेसरचा ओव्हरलोड, म्हणजे जादा करंटला तोडणारा स्विच, उडतोय. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे १६५ ला तो २३० च्या जेमतेम निम्मा. तेवढ्यात कॉम्प्रेसर उठत नाही, जागच्या जागी करंट ओढत बसतो आणि कॉइल तापते. एक दिवस जळते.

यावर गल्लोगल्ली एकच अक्कल: मोठा स्टॅबिलायझर घ्या! अरे, त्याच्या पोटात वीज तयार होते का? भुसावळच्या उशाला दीपनगरचं वीज केंद्र आहे, वीज तिथं बनते. स्टॅबिलायझर म्हणजे पडलेलं व्होल्टेज वर चढवणारा नुसता ट्रान्सफॉर्मर, चढवायला तो लाइनीतून जादा करंट घेतो. दीड टनी एसी २३० ला ७ अँपिअर घेत असेल, तर १६५ ला स्टॅबिलायझर लाइनीतून १० ओढतो. अख्ख्या गल्लीने बसवले की तारेत करंट वाढला, व्होल्टेज आणखी पडलं, शेवटी स्टॅबिलायझरही कट. ६३ केव्हीएच्या डीपीला, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरला, तीन फेज आणि फेजमागे ८४ अँपिअर मिळतात. ७ चे १२ एसी लागले की एक फेज संपला. कूलर, फ्रिज, पाण्याच्या मोटारी, आकडे टाकणारे अजून मोजलेच नाहीत. डीपी मात्र गल्लीत पंधरा घरं होती तेव्हाचीच!

पाच-दहा हजार स्टॅबिलायझरला घालतील, पण चारशेचा मल्टिमीटर नको. सगळं बंद करून मीटरपाशी व्होल्ट बघा, मग इस्त्री-गिझर लावून तिथंच पुन्हा बघा. २२५ चे १९० झाले तर बहुतेक दोष खांबावरून मीटरला येणाऱ्या तुमच्या सर्व्हिस वायरीत, नाहीतर खांबावरच्या जोडात. मीटरला २२० आणि किचनच्या सॉकेटला १९५ असेल तर घरातली वायरिंग बघा. काहीच न लावता संध्याकाळी ७ ला १७० दिसले, तर मात्र लाइन किंवा डीपी. तो खांबाचा जोडही काय असतो! ॲल्युमिनियमची तार तांब्याला पीळ मारून वर टेप गुंडाळायची, झालं काम. ॲल्युमिनियमवर ऑक्साइड धरतं, जोड तापतो, टेप वितळून काळी ठिक्कर. तिथं दोन्ही धातूंना जोडणारा बायमेटल लग लागतो, तोही लाइनमनकडूनच, स्वतः चढून नाही. आणि एका घरात बल्ब मिणमिणता, शेजारी डोळे दिपवणारा लख्ख असेल तर न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, सुटतंय. आधी मेन स्विच पाडा, कारण एखाद्या फेजवर ३०० च्या वर जाऊन टीव्ही धूर सोडतील.

इन्व्हर्टरची तर वेगळीच तऱ्हा. मागच्या यूपीएस-नॉर्मल बटणाकडे कोणी बघतच नाही. यूपीएस मोडवर बहुतेक इन्व्हर्टर १८० च्या आसपास लाइन नाकारून बॅटरीवर जातात. लाइट असताना बॅटरी खाल्ली जाते आणि खरी लाइट गेली की दहा मिनिटांत टीं-टीं-टीं. मग शिव्या बॅटरीला! नॉर्मल मोडवर टाका, तो ११०-१२० पर्यंत लाइन घेतो. फार तर वायफायचा राउटर एकदा बंद-चालू होईल. १५० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची बॅटरी १५ अँपिअरने पूर्ण भरायला १० ते १२ तास लागतात. पडलेल्या व्होल्टेजवर चार्जिंग अर्धवट राहतं, प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि २५० वॉटला चार तास चालणारी बॅटरी तासाभरावर येते. त्यात वर बोरचं पाणी ओततात. बोरचं! आरओचंही चालत नाही, फक्त डिस्टिल्ड. आणि ती पत्र्याखाली उन्हात ठेवाल तर आयुष्य आपोआप निम्मं.

नियमात घरगुती पुरवठ्याला ६ टक्के वर-खाली मुभा आहे, म्हणजे २१६ ते २४४. ‘साहेब, व्होल्टेज डाऊन आहे’ एवढ्यावर कोणी हलत नाही. आठ दिवस सकाळ-संध्याकाळचे आकडे वेळेसकट लिहा, लोड असताना किती, नसताना किती. एकाच डीपीवरच्या दहा घरांच्या सह्या घ्या, डीपीवरचा नंबर टाका, वीज कंपनीच्या ऑफिसात लेखी द्या. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.