मोडीच्या वर्गाला यंदा आठच मुले का

आमच्या तालुक्यातील मोडी लिपीच्या वर्गाच्या पुढच्या तुकडीत आठच जागा ठेवल्याचे कळल्यापासून बऱ्याच जणांचे फोन येत आहेत. आधीच्या तुकड्यांत पस्तीस-चाळीस मुले बसत असताना आता मुलांना परत का पाठवता, असा त्यांचा सूर आहे आणि त्यातील काहींच्या बोलण्यात राग आहे, तोही मला समजतो. फोनवर तुटक उत्तरे देण्यापेक्षा या कामाचा समन्वयक म्हणून माझे म्हणणे एकदा सविस्तर मांडतो.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात जुन्या घरांमधून अजून मोडी कागद आहेत. पाटीलकी, कुळकर्ण, देवस्थानाचे इनाम, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या, भावाभावांच्या वाटण्या, गहाणखते, फारखती असे हे सारे कागद रुमालात बांधून माळ्यावर किंवा देव्हाऱ्याखालच्या पेटीत ठेवलेले असतात. दसऱ्याला त्यांची पूजा होते आणि रुमाल पुन्हा बांधला जातो. घरात वाचणारे कोणी उरलेले नाही, कारण मोडी १९५० च्या सुमारास शाळांतून गेली आणि ती शाळेत शिकलेली पिढीही आता गेली. म्हणून गावातल्याच तरुण मुलामुलींना मोडी शिकवावी, त्यांनी त्या-त्या घरी बसून कागदांची छायाचित्रे घ्यावीत, यादी करावी आणि जमेल तितके बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून घरच्यांना द्यावे, असे आमच्या प्रकल्पाचे साधे स्वरूप आहे. कागद घराबाहेर न्यायचा नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे.

आता मोडी शिकवणे म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मोडीची अक्षरे हुशार मुलाला दहा-बारा दिवसांत लागतात. आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता लिहीत जायचे, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, हे एकदा ध्यानात आले की छापील कित्ता मुले भराभर वाचतात आणि त्यांना वाटते की मोडी आली. नंतर समोर येतो खरा कागद. त्यात प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा, निम्मे शब्द संक्षेपाने लिहिलेले आणि भाषा फारसी शब्दांनी भरलेली असते. तारखेला 'छ' अक्षर लावून मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख, दिलेली असते आणि वर्ष आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहिलेले असते. अक्षरे लागणे आणि कागद वाचता येणे यांच्यामध्ये निदान एका वर्षाची बैठक असते. ती बैठक आम्ही मुलांना दिली नाही आणि त्याची किंमत एका घराला मोजावी लागली.

आमच्या दुसऱ्या तुकडीतील एक मुलगा, अक्षराने सुरेख आणि वाचनात चपळ, एका पाटील घराण्याच्या रुमालावर काम करीत होता. त्यात पाटाच्या पाण्याच्या तंट्याचा एक कागद निघाला. वर्षाच्या जागी त्याने वाचले, 'सुहूर सन खमस सबैन अलफ'. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार, एकूण १०७५. सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली वर्षगणना, मृग नक्षत्राला पालटतो, त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि त्यापुढच्या महिन्यांना ६०० मिळवले की इसवी सन येतो. मुलाने हिशेब बरोबर केला आणि उत्तर आले १६७४, म्हणजे राज्याभिषेकाचे वर्ष. पुढे काय झाले असेल, ते महाराष्ट्रातील कोणत्याही माणसाला सांगायला नको. संध्याकाळपर्यंत कागदाचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर गेले, दुसऱ्या दिवशी नारळ फुटला आणि चौथ्या दिवशी घरच्यांनी तो कागद तालुक्याच्या गावी नेऊन लॅमिनेट करून, चौकट घालून बैठकीच्या खोलीत लावला.

तपासणीसाठी छायाचित्र माझ्याकडे आले, तेव्हा आठवडा उलटून गेला होता. पाचव्या ओळीत मुलानेच अगदी बिनचूक उतरवून ठेवले होते, 'माधवराव नारायण पंतप्रधान'. हे म्हणजे पेशवे सवाई माधवराव. त्यांचा जन्म एप्रिल १७७४ मधला, पुरंदरावरचा, आणि पेशवाईची वस्त्रे त्यांना चाळिसाव्या दिवशी मिळाली. १६७४ साली प्रधानपदी मोरोपंत पिंगळे होते. मी छायाचित्र मोठे करून पाहिले. 'सबैन' नंतर कागदाला घडी पडली होती आणि त्या घडीत 'मया' हा शब्द अर्धा झिजून बसला होता. मया म्हणजे शंभर. कागद ११७५ सालचा, म्हणजे १७७४ चा होता.

मुलाची चूक मी लहान मानतो. घडीतले अक्षर भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. पाचवी ओळ शुद्ध वाचूनही तिचा पहिल्या ओळीशी मेळ बसत नाही हे त्याला खटकले नाही, आणि ते खटकण्याइतके आम्ही त्याला तयार केले नव्हते, ही मोठी चूक होती आणि ती आमची होती. त्याला आम्ही चांगल्या कागदावर छापलेले, सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र दिले होते. तपासणी झाल्याखेरीज घरच्यांना वर्ष सांगायचे नाही, एवढा साधा नियम मात्र केला नव्हता.

ते सांगायला मी स्वतः गेलो. घरातले काका शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी आमचा कागूद खोटा?" मी म्हटले, "कागद खरा आहे काका, आम्ही वाचलेला आकडा खोटा होता." त्यावर ते काही बोलले नाहीत. चौकट मात्र त्यांनी उतरवली आणि माझ्या हातात देत विचारले की हे प्लॅस्टिक आता निघेल का. हे प्लॅस्टिक उष्णतेने चिकटवलेले असते. ते ओढायला गेले तर कागदाचा आणि शाईचा थर घेऊनच सुटते. अडीचशे वर्षे कसर, वाळवी आणि पावसाळे सोसून टिकलेला हाती बनवलेला कागद आमच्या एका उतावळ्या आकड्यामुळे कायमचा गुदमरला. (जाता जाता विनंती: घरातल्या जुन्या कागदाला लॅमिनेशन, चिकटपट्टी आणि बॉलपेन यांपैकी काहीही लावू नका. मऊ सुती कापडात सैल बांधून कोरड्या जागी ठेवलेला कागद पुष्कळ टिकतो. आमची मुले नोंदीसाठी फक्त पेन्सिल वापरतात.)

या प्रसंगानंतर प्रकल्पाचा हिशेब मी नव्याने मांडला. तोवर आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर प्रशिक्षित तरुणांची संख्या असे. पहिल्या वर्षी ज्या संस्थेने निधी दिला तिचा नमुनाच तसा होता. लाभार्थी किती, त्यात मुली किती, प्रमाणपत्रे किती आणि वाटपाचे छायाचित्र, अशा रकान्यांत किती कागद वाचले आणि वाचलेले कोणी तपासले, असा रकाना नव्हता. आम्हीही तो मागितला नाही, कारण चाळीसचा आकडा आम्हालाही गोड लागत होता. प्रत्यक्षात त्या चाळिसांपैकी वर्षाअखेर कागदासमोर बसणारी मुले एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरत. बाकीची स्पर्धा परीक्षेला, पुण्याच्या कंपनीत किंवा घरच्या शेतात गेलेली असत. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.

मग २०२३ आले. त्या वर्षी सप्टेंबरात मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली आणि मोडी जाणणाऱ्यांचा शोध एकाएकी सुरू झाला. तहसील कार्यालयांतील जुनी जन्ममृत्यूची दप्तरे, गाव नमुना चौदा, कोतवाल बुके बाहेर निघाली. ज्यांना आम्ही वर्गात बोलावून थकलो होतो ते लोक आपणहून दारात आले. मोडीला बाजारभाव आला याचा मला आनंदच झाला, हे लपवत नाही. पण त्याबरोबर धास्तीही आली. जन्ममृत्यूच्या दप्तरातील एका ओळीवर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून असतो. संक्षेपाने लिहिलेली जात, पुसट झालेले नाव, शेजारच्या दोन ओळींची सरमिसळ, यांतले काहीही चुकले तर ते नारळ फोडून आणि चौकट उतरवून भागत नाही. आमच्या वर्गातून बारा दिवसांचे प्रमाणपत्र घेऊन गेलेला एक तरुण दर नोंदीमागे पैसे ठरवून वाचन करू लागल्याचे कानावर आले, तेव्हा मी त्याला बोलावून घेतले. त्याचे उत्तर मला अजून टोचते. तो म्हणाला, "सर, प्रमाणपत्र तुम्हीच दिलंय ना?"

म्हणूनच आता आठ मुले आणि पूर्ण एक वर्ष. पहिले दोन महिने अक्षरे आणि कित्ता, त्यानंतर कालगणना, जमिनीची बिघा-पांड-चावराची मापे, खंडी-मण-पायलीचा हिशेब, आणि उरलेला सगळा काळ खऱ्या कागदांवर, दोघादोघांच्या जोडीने. एकाने वाचायचे, दुसऱ्याने न पाहता पुन्हा वाचायचे, दोघांचे जुळले नाही तर ती जागा कोरी ठेवून शेजारी प्रश्नचिन्ह घालायचे. कोऱ्या जागेला आमच्याकडे कमीपणा नाही. माझ्या मते तिथे वाचकाचा प्रामाणिकपणा दिसतो.

आणि या आठही जणांना दरमहा मानधन. यावर आमच्याच मंडळींत सर्वांत जास्त वाद झाला. वारशाचे काम सेवा म्हणून व्हावे, पैसे दिले की भावना जाते, असे काही ज्येष्ठांचे मत आहे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की मला ते पटत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद जमवले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, हे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते. पण राजवाडे हा अपवाद होता. अपवादावर योजना आखता येत नाही. पुण्यात १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील, म्हणजे पेशव्यांच्या राज्यकारभाराच्या संग्रहातील, निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले, ते सरकारने खर्च उचलला आणि हाताखाली जाणकार सहायक दिले म्हणून. ज्या मुलाच्या घरी दूध घातल्याशिवाय आठवड्याचा बाजार होत नाही, त्याला वर्षभर फुकट बसवून घेणे आणि त्याला संस्कार म्हणणे मला जमणार नाही. फुकट काम फक्त ज्यांच्या घरी बरे आहे त्यांच्याच मुलांना परवडते. मग गावाच्या कागदांची किल्ली पुन्हा त्याच चार घरांत जाते, जिथे ती पूर्वी होती.

मानधन दिल्याने आणखी एक सोय होते, ती म्हणजे जाब विचारता येतो. घरोघरचे कागद वाचताना मुलांच्या कानावर कोणाची जमीन कोणाकडे गहाण होती, कोणत्या भावाला वाटणीत डावलले, कोणत्या बाईला पोटगी ठरली, असे पुष्कळ काही येते. भाऊबंदकीला दोनशे वर्षांपूर्वीचे निमित्तही पुरते. घरच्यांनी लेखी संमती दिल्याशिवाय एक ओळ बाहेर जाणार नाही, छायाचित्राची प्रत आधी घरच्यांना आणि मग आमच्या संग्रहाला, हे नियम स्वयंसेवकाला विनंती म्हणून सांगावे लागतात आणि मानधन घेणाऱ्याला अट म्हणून सांगता येतात. रुमाल सोडायला घरे कचरतात ती याच भीतीने, आणि ती भीती रास्त आहे.

चाळीसऐवजी आठ म्हटल्यावर नेहमीच्या निधीचे एक दार बंद झाले आहे. यंदाचा खर्च तालुक्यातील काही शिक्षक, दोन दूध संकलन केंद्रे आणि मुंबईत असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने उचलला आहे. पुढच्या वर्षाचे अजून ठरलेले नाही. ज्यांना नुसती अक्षरओळख हवी आहे त्यांच्यासाठी मे महिन्यात दहा दिवसांचा खुला वर्ग पूर्वीसारखाच होईल, फक्त त्याचे प्रमाणपत्र मिळणार नाही. वर्षभराच्या तुकडीसाठी अर्ज दिवाळीपर्यंत हाताने लिहून आणावा. अर्जात घरची अडचण असेल तर तीही लिहावी, ती वाचली जाते. त्या काकांनी दुसरा रुमाल काढून ठेवला आहे. या तुकडीचे वाचन त्याच्यापासून सुरू होईल आणि घडी आलेल्या प्रत्येक जागी भिंग लावून दोघे जण पाहतील.