'आरसीसी आहे, बिनधास्त पाडा' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, सगळीकडे तो मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) बिल्डिंगमध्ये सगळा लोड कॉलम-बीमवर, म्हणजे खांब आणि तुळयांवर असतो, भिंती नुसता आडोसा, त्यामुळे कॉलम सोडून काहीही पाडा, ठोकून पोकळ आवाज आला की भिंत बिनकामाची, पाडल्याने वजन कमीच होतं, बाल्कनी आत घ्या, बीममधून एसीचा पाइप न्या, आणि इंजिनिअरची चिठ्ठी म्हणजे सोसायटीची खाबूगिरी. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरंय, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या जोरावरच बाकीचं सगळं खपतंय.

आधी 'आरसीसी' कशाला म्हणताय ते बघा. गिरगाव, दादर, पुण्यातल्या पेठा, इथल्या कितीतरी जुन्या तीन-चार मजली बिल्डिंगना स्लॅब सिमेंटचा आहे पण कॉलम नाहीतच, स्लॅब थेट नऊ इंची विटांच्या भिंतींवर बसलाय. वर बघून लोक म्हणतात स्लॅब आहे म्हणजे आरसीसी, आणि हॉल-किचनमधली भिंत काढायला घेतात, म्हणजे तिथला कॉलमच काढला की हो! दुसरं टोक नव्या टॉवरचं. मायवान शटरिंगमध्ये, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत, भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, वीट नावाला नसते, आतल्या कितीतरी भिंती काँक्रीटच्या असतात आणि त्याच लोड घेतात. फोटो लावायला खिळा जात नाही, साध्या ड्रिलचं बिट जळतं, तिथेच समजून जा. फॉरवर्डमधलं ज्ञान लागू पडतं ते या दोन्हींच्या मधल्या कॉलम-बीमच्या बिल्डिंगना, आणि तेही पूर्ण नाही.

पूर्ण का नाही, तर स्लॅब वर्षानुवर्षं हळूहळू खाली वाकतो, दिसत नाही पण वाकतो, आणि खालच्या पार्टिशनवर टेकतो. डिझाइनमध्ये त्या भिंतीवर लोड नव्हता, आज आहे. तुम्ही ती काढता आणि महिन्याभराने वरच्या काकू विचारतात आमच्याकडे टाइलला तडा कसा गेला.

'कॉलम सोडून' म्हणणं सोपंय, पण कॉलम ओळखायचा कसा? जुन्या बिल्डिंगमध्ये नऊ इंची कॉलम भिंतीतच लपलेला असतो, वरून एकच प्लास्टर. ब्रेकर चालवणाऱ्याला सळई लागली की तो थांबतोच असं नाही. घाटकोपरची चार मजली सिद्धी साई बिल्डिंग आठवा, जुलै २०१७, तळमजल्यावर रिनोव्हेशन चालू होतं, कॉलमला हात लावल्याचा ठपका आला, १७ माणसं गेली.

ठोकून आवाज ऐकायचा प्रकार तर भारीच. हातोडीने ठोकून कळतं ते प्लास्टर विटेपासून सुटलंय की नाही, बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट करणारे त्यासाठीच ठोकतात. लोड त्या आवाजात ऐकू येत नाही. दाराच्या चौकटीपाशी जाडी मोजली तर निदान काहीतरी कळेल, प्लास्टर धरून साडेपाच-सहा इंच म्हणजे अर्ध्या विटेची, बहुतेक नुसतं पार्टिशन, दहाच्या पुढे म्हणजे नऊ इंची, लोड घेणारी असू शकते, पण कॉलम-बीमच्या बिल्डिंगला बाहेरच्या भिंतीही नऊ इंचीच असतात, त्यामुळे टेप लावून निकाल देऊ नका.

आता 'वजन कमीच होतं' हा माझा आवडता मुद्दा. दहा फूट लांब, दहा फूट उंच अर्ध्या विटेची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट अडीच टनांच्या आसपास भरते. पाडल्यावर ते वजन जातं कुठे? हॉलच्या कोपऱ्यात, ढीग करून, कारण लिफ्टमधून डेब्रिज न्यायला सोसायटी दुपारी दोन तासच देते. दोन मीटर बाय दोन मीटरचा ढीग म्हणजे चौरस मीटरला सहाशे किलोच्या वर. राहत्या घराचा स्लॅब माणसं-फर्निचरसाठी डिझाइन करतात तो चौरस मीटरला २०० किलोला, आयएस ८७५ या भारतीय मानकात तसंच आहे. वर सिमेंटच्या गोण्या आणि रेती त्याच कोपऱ्यात. रोजचा रोज खाली न्या किंवा पातळ पसरून ठेवा, एवढं जरी त्या फॉरवर्डमध्ये लिहिलं असतं तरी उपकार झाले असते.

गुरुग्राममध्ये फेब्रुवारी २०२२ ला चिंटेल्स पॅराडिसो सोसायटीत सहाव्या मजल्यावर रिनोव्हेशन चालू होतं, तिथला स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब घेत पहिल्या मजल्यापर्यंत गेला, दोन बायका गेल्या. कोणी म्हणेल ते रिनोव्हेशनमुळे नाही, काँक्रीटच खराब होतं. बरोबर, आयआयटी दिल्लीला नंतर काँक्रीटमध्ये क्लोराइड (सळया गंजवणारा क्षार) आणि गंजलेल्या सळया सापडल्या. पण तुमच्या स्लॅबच्या आत काय चाललंय हे तुम्हाला पीओपीच्या वरून दिसतं का?

बाल्कनी. बाहेर लटकणाऱ्या स्लॅबचं मेन स्टील वरच्या बाजूला असतं, नेमकं टाइलच्या खाली. लेव्हल हॉलला मिळवायची म्हणून ब्रेकर लावून टाइल फोडताना तेच स्टील उघडं पडतं, मग वर भराव, आणि कठड्याच्या जागी विटांची भिंत, अगदी टोकाला, जिथे वजन सगळ्यात जास्त महाग पडतं. घ्यायचीच असेल तर हलकी खिडकी लावून, विचारून घ्या.

बीमला भोक: नको. एसीवाल्याला सोयीचा कोपरा म्हणजे कॉलमच्या शेजारचा, आणि बीमच्या रिंगा, म्हणजे मुख्य सळयांभोवतीच्या आडव्या कड्या, सगळ्यात जास्त गरजेच्या असतात त्या तिथेच.

राहिली चिठ्ठी. खाबूगिरी होते, खोटं कशाला बोला, घरी पाय न ठेवता सही करणारे इंजिनिअर आहेतच. पण त्यावर उपाय म्हणजे चिठ्ठीच नको असा होतो का? सोसायटीकडून किंवा महापालिकेकडून जुने ड्रॉइंग काढा, ते घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, आणि चिठ्ठीत कुठली भिंत, किती जाडीची, वरच्या आणि खालच्या मजल्यावर त्याच जागी काय आहे, आणि टेकू कुठे लावायचे हे लिहून मागा. नुसतं 'नो ऑब्जेक्शन' लिहिलेला कागद आला तर पैसे देऊ नका.