वावरात बसून सिनेमा कळत नाही म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, ‘एक्स्टसी’ या जुन्या सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच लिहिलं, पण बोचलं ते एकच वाक्य: ‘वावरात बसून मोबाइलवर सिनेमे पाहणाऱ्याला बाईची अतृप्ती काय कळणार, तुम्ही तळ्याच्या सीनसाठीच पाहिला असेल.’ ही काय बोलायची पद्धत झाली? मत पटलं नाही तर नका पटू देऊ, माणसाची लायकी कायले काढता?

शेवटचा मजुरांचा भाग चिकटवल्यासारखा वाटतो म्हणता, बरं, मान्य. प्रिंट कोणती, आवृत्ती कोणत्या भाषेतली, त्यावर मला वाद घालायचा नाही.

पण अतृप्तीचं ऐका. १९३३ चा बोलपट आणि त्यात बोलणं किती कमी! लग्न करून एव्हा दारात येते, वयस्कर नवरा एमिल तिला उचलून घेतो आणि कुलूपच उघडत नाही, ही किल्ली लाव, ती किल्ली लाव. आणि पहिल्या रात्री तो पलंगापर्यंतही येत नाही. यात न कळण्यासारखं काय आहे? मी यवतमाळकडच्या खेड्यात वाढलो, आमच्या शेजारची ताई लग्नानंतर काही महिन्यांतच माहेरी आली, नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, वावर ओलिताचं, म्हणून सगळं गाव तिलाच म्हणायचं, ‘काय कमी होतं बाप्पा हिले?’ ती खाली मान घालून कापूस वेचायची, उत्तर द्यायची नाही. एव्हा बापाकडे परत येते, घटस्फोट घेते, तेव्हा मला ती ताई दिसली. तळं नाही दिसलं भाऊ.

तो सीन आहेच, एव्हा तळ्यात उघडी पोहते आणि घोडा तिचे कपडे घेऊन पळतो, त्याच्यावरून गदारोळ झाला, १९३५ मध्ये अमेरिकेच्या कस्टमनं प्रिंट जप्त केली. एव्हाचं काम करणारी हेडी तेव्हा विशीच्या आतली, पुढे हेडी लामार म्हणून हॉलिवूडमध्ये गाजली, पण त्याआधी तिच्या शस्त्रव्यापारी नवऱ्यानं या सिनेमाच्या प्रिंटा विकत घेऊन गायब करायचा प्रयत्न केला होता. बाईची इच्छा पडद्यावर दिसली की लोक असे पेटतात, आणि तुम्हीही त्याच सीनवर येऊन अडकले.

आणि मोबाइलचं म्हणाल तर आमच्या तालुक्यातली टॉकीज बंद होऊन तिथं लग्नाचा हॉल झाला, मग पाहायचं कुठं?

एमिल स्वतःला गोळी घालतो, त्यानंतर एव्हा स्टेशनवर झोपलेल्या अ‍ॅडमला, म्हणजे तिच्या तरुण प्रियकराला, तसंच सोडून निघून जाते. का जाते? अर्धा लेख मी त्याच्यावरच लिहिला, तुम्ही त्याला हातही लावला नाही. त्यावर लिहा, मग बोलू.