‘दर्याचा राजा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘दर्याचा राजा’ यांना नमस्कार.

छोट्या मासेमारी होडीसाठी नांगर कसा निवडावा आणि कसा बसवावा, या माझ्या लेखावर तुम्ही चार ओळी लिहिल्यात. बाकीच्यांसाठी त्यांचा गोषवारा देतो. पुण्यात बसून दर्याच्या गोष्टी शिकवू नका. आमच्याकडे दगड आणि काट्याच्या नांगरावर पिढ्या गेल्या, साखळीचे चोचले कुणी केले नाहीत. एवढ्या पैशात गरीब माणूस नवं जाळं घेईल. आणि बंदरात पाण्याच्या खोलीच्या सातपट दोर सोडलात तर शेजारच्या होडीवर जाऊन आपटाल. शेवटी ‘सदाशिवपेठी शहाणपण’ असा आहेरही आहे. मी धनकवडीत राहतो, पण असो.

आधी ते ‘पुण्यात बसून’ घेतो, कारण ते वाचून खरंच टोचलं. हर्णै हे माझं आजोळ. शाळेच्या सगळ्या मे महिन्यांत मामाच्या होडीतलं पाणी उपसणं हे माझं काम होतं, आणि नांगराचा दोर चुकीचा गुंडाळला म्हणून बसलेली त्याची थप्पड अजून आठवते. आज मामेभावाबरोबर बावीस फुटी फायबर होडीत माझी भागी आहे. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला तिचा नांगर टाकतो तेव्हा मी पुण्यात नसतो. उरलेले दिवस भोसरीला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. खारं पाणी लोखंडाला कसं आणि कुठून खातं, हे मला तुमच्याइतकं कळतं. थोडं जास्तच कळत असेल.

आणि पुण्याचंच म्हणाल तर १९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्याला आहे. बंदरांच्या प्रतिकृती बांधून लाटा तिथे तपासतात. ज्या नमुन्यावरून आजचे कितीतरी नांगर निघाले, त्या सीक्यूआर या फाळाच्या नांगराचं १९३३ चं पेटंट जेफ्री टेलर यांचं. केंब्रिजमधले शास्त्रज्ञ. केंब्रिजला समुद्र नाही, साहेब. (ते स्वतः शिडाची होडी हाकायचे, हे खरं. होडी माझ्याकडेही आहे.)

आता ‘साखळीचे चोचले’. नांगर वजनावर होडी धरतो, हा समज दगडामुळे झालाय. दगड खरंच वजनावर धरतो, तेही पाण्यात वजन घटल्यावर उरेल तेवढ्यावर. फाळाचा नांगर रुतून धरतो. ओढ तळाला समांतर असली की फाळ आत शिरतो, ओढ वर गेली की तो सुटतो. कुदळ मातीतून काढताना दांडा आपण वर उचलतो, तसंच. म्हणून नांगराच्या लगत पाच-सहा मीटर साखळी. आठ मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण १.४ किलो भरते. ती तळावर पडून राहते आणि नांगराचा दांडा खाली दाबून ठेवते. होडी लाटेवर उसळली तर आधी साखळी उचलली जाते, मग नांगराला धक्का पोचतो. शिवाय कातळावर दोर घासून तुटतो, साखळी तुटत नाही. याला चोचले म्हणायचं असेल तर म्हणा.

तुमच्या काट्याच्या नांगराला मी नावं ठेवली नव्हती. कातळात तोच अडकतो, तिथे तोच न्यावा, हे लेखात आहे. पण मऊ चिखलात त्याचे काटे पाणी कापल्यासारखे सरकतात. तिथे डॅनफोर्थसारखा रुंद, चपट्या पात्यांचा नांगर हवा. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्याला लागणाऱ्या लष्करी होड्यांवर तो होता; होडी वाळूतून मागे खेचून घ्यायला त्याचाच आधार. तो बिचारा फक्त सात-आठ किलोचा असतानाही काय धरतो, ते एकदा बघाच.

खर्चाचं मान्य. पैसे लागतात. म्हणूनच बोहरी आळीतली साखळी कशी पारखायची ते लिहिलं होतं. चकचकीत, आरशासारखी दिसते ती घेऊ नका. तिच्यावर विजेच्या प्रक्रियेने चढवलेला जस्ताचा पातळ थर असतो, खाऱ्या पाण्यात तो बघता बघता जातो. मळकट राखाडी, हाताला खडबडीत लागते ती घ्या. ती ४५० अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली असते. दुकानदार पहिलीच पुढे करतो, कारण ती दिसायला छान. शॅकल, म्हणजे साखळी नांगराला जोडणारा पिनेचा आकडा, तोही जस्त चढवलेलाच घ्यायचा. स्टेनलेसचा लावलात तर खाऱ्या पाण्यात तो शेजारच्या कडीचं जस्त खातो. त्याची पिन तारेने बांधायची, नाहीतर हेलकाव्यांनी ती आपोआप फिरत बाहेर येते. यात एका जाळ्याइतका खर्च कुठे आला? होडी गेली तर जाळं टाकणार कशातून, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.

दोर कशाचा, याबद्दल तुम्ही गप्प आहात, म्हणजे निळा प्लास्टिकचा दोरच वापरत असाल. तो तरंगतो. ओहोटीला ढिला पडला की पाण्यावर वेटोळं करून इंजिनाच्या पंख्यात जातो. नायलॉन बुडतो आणि ताणला जातो, धक्का खातो. दोन्हींत फरक दिसेल एवढा आहे, भावातही.

बसवण्याचा भाग तर तुम्ही वाचलेलाच दिसत नाही. लेखाचा निम्मा भाग तो आहे, माझ्या मते महत्त्वाचा. नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचा क्लीट (दोर बांधायचा खुंटा) फायबरमध्ये नुसत्या स्क्रूंनी आवळला तर नांगर धरतो आणि क्लीट उपटतो. आरपार बोल्ट, आणि डेकखाली क्लीटच्या दुप्पट लांबीची पट्टी. आत प्लायवुड असेल तर भोक आधी मोठं पाडायचं, त्यात इपॉक्सी भरायचं, ते घट्ट झालं की मधोमध पुन्हा बोल्टच्या मापाचं पाडायचं. असं केलं की पाणी लाकडात शिरत नाही. आमच्या होडीवर आधीच्या मालकाने हे केलं नव्हतं. क्लीट काढल्यावर भोकातून ओला काळा भुगा बोटाला लागला, आणि डेक अंगठ्याने दाबला तरी खाली जात होता. तो भाग मी स्वतः कापून काढून नव्याने भरला. पुण्यातल्या माणसाने.

राहिलं सातपट दोराचं. ओहोटीला चार मीटर पाणी, भरतीचे तीन, नाळेची उंची एक, असे आठ मीटर धरले तर पाचपट म्हणजे चाळीस मीटर, सातपट म्हणजे छप्पन्न. ते उघड्यावर, वारा असताना. बंदरात गर्दी असते हे मलाही दिसतं. तिथे सगळे जेवढा सोडतात तेवढाच सोडावा, नाहीतर पुढून-मागून दोन नांगर टाकावेत. एवढं प्रत्येकाला समजतं, म्हणून लिहिलं नव्हतं.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, फक्त पेठेबद्दलचा एक शब्द गाळलाय, इथे माझ्या सासूबाई वाचतात. जून-जुलैच्या बंदीत होडी वर ओढाल तेव्हा डेकखाली हात घालून क्लीटचे नट चाचपून बघा. नट आहेत की नुसते स्क्रू, आणि बोटाला काय लागलं, ते इथे लिहा. पुण्याबद्दल नाही लिहिलंत तरी चालेल.