गिरणगावाच्या क्रांतीवर पुस्तक काढताय? मॉल बुक करा

अभिनंदन! दहा-बारा वर्षं डिलाईल रोडच्या चाळींचे जिने चढून, म्हाताऱ्यांकडचे चहा पिऊन आणि स्वतःच्या गुडघ्यांची वाट लावून तुम्ही मुंबईच्या गिरणी कामगारांच्या लढाऊ इतिहासावर साडेचारशे पानं लिहिलीत. पण तो सोपा भाग होता. आता पुस्तक गाजवायचंय, तर एक गोष्ट आधी मनावर घ्या: पुस्तकात जी माणसं आहेत ती आठशे नव्व्याण्णव रुपये देऊन पुस्तक घेणाऱ्यातली नाहीत.

मुखपृष्ठावर चिमणी हवीच, पण धूर नसलेली. आवळलेली मूठ नको, दिवाळीला कंपन्यांना गिफ्ट म्हणून खपवताना अडचण होते.

प्रकाशनासाठी कामगार मैदानात मांडव घालायचा विचार मनात आला असेल तर जरा पडा, उतरेल. लोअर परळला जिथे गिरणी होती तिथे आता मॉल आहे, तिथलाच एखादा हॉल घ्या, एसी आहे, व्हॅले पार्किंग आहे, आणि निमंत्रणपत्रिकेवर 'ऐतिहासिक वास्तूत' असं छापता येतं. वातावरणनिर्मिती म्हणून सुरुवातीला स्पीकरवर गिरणीचा भोंगा वाजवा, फक्त सिक्युरिटीला आधी सांगून ठेवा. आमच्या वेळी सांगायचं राहिलं, त्यांना वाटलं फायर अलार्म, आणि वरच्या मजल्यावरचं सगळं गिऱ्हाईक जिन्यात आलं. गर्दीचे फोटो मात्र झकास मिळाले, अजून वापरतोय.

सोशल मीडियाला इतिहास निवडून द्यायचा असतो. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशोबाने सहा दिवस संप केला, हे रीलमध्ये मस्त बसतं. नारायण मेघाजी लोखंडेंनी १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती तर 'लेखकासोबत संडे ब्रंच' या कार्यक्रमासाठीच मिळवली होती म्हणा ना. १९२८ चा संप सोडा, सहा महिने उपाशी राहणं नव्वद सेकंदांत दाखवता येत नाही. आणि १९४६ च्या फेब्रुवारीत नौसैनिकांच्या बंडाच्या वेळी परळच्या गोळीबारात कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या त्याची पोस्ट टाकायची तर फोटो शोधत बसावं लागेल. त्यापेक्षा स्वतःचा टाका, हनुवटीखाली हात घेतलेला, तयारच असतो.

आता प्रमुख पाहुणे. बिल्डर बघा. लाजू नका, हॉलचं भाडं आणि समोसे तोच देणार आहे. फक्त तुमचं शेवटचं प्रकरण जरा जपून, म्हणजे ते १९९१ च्या नियमावालं, गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असं होतं ना, आणि मग २००१ मध्ये बदल झाला की वाटणी फक्त रिकाम्या जागेची, म्हणजे ज्यावर शेड उभी होती ती वाटणीतच नाही, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्यही केलं. हे सगळं खरं आहे, पण खरं असलं म्हणून मोठ्या टायपात कशाला? तळटीप करा. पाहुणे तळटिपा वाचत नाहीत. खरं तर ते पुस्तकच वाचत नाहीत, मागच्या कव्हरवरचा मजकूर समई लावायला चपला काढता काढता वाचतात आणि त्यावर पंचवीस मिनिटं बोलतात.

मंचावर एक खरा गिरणी कामगारही हवा, टोपीवाला मिळाला तर सोन्याहून पिवळं. शाल द्या, श्रीफळ द्या, रिबिनीतलं पुस्तक हातात देऊन फोटोसाठी उभं करा (पुस्तक उलटं धरलं असेल तर निवेदिकेने सरळ करावं), पण माईक देऊ नका. आम्ही दिला. बाबा म्हणाले, ब्याऐंशीचा संप काय नुसता पगारासाठी नव्हता हो, १९४६ चा कायदा सांगायचा की तुमची युनियन अमुकच, आम्हाला ती नको होती म्हणून कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांकडे गेलो, आणि अडीच लाख माणसं बाहेर पडली तो संप कुणी रीतसर मागे घेतलेला नाही, म्हणजे आजही चालूच आहे, तर तुम्ही हे समोसे संपात खाताय. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम आठवला.

कार्यक्रमानंतर सहीच्या टेबलाशी लाईन लागेल, त्यात निम्मे तुमचे मेहुणे आणि साडू. बाबाही येतील, भेट मिळालेली प्रत घेऊन, पानात बोट घालून. "लेखकसाहेब, इथे १८ जानेवारी १९८२ ला रविवार लिहिलाय. सोमवार होता. रविवारी सुट्टी, सुट्टीच्या दिवशी कोण संप करतं?"

घाबरू नका. पुढच्या आवृत्तीत नक्की सुधारतो बाबा, असं हात जोडून सांगा. पहिल्या आवृत्तीतल्या दोनशे प्रती प्रकाशकाने तुम्हालाच विकत घ्यायला लावल्यात, त्या पलंगाखालून निघेपर्यंत पुढची येत नाही.