लहरदार मेपल आणि मधला ठोकळा

लहरदार मेपलमुळेच, म्हणजे लाटांसारखे पट्टे दिसणाऱ्या मेपलच्या लाकडामुळेच, सेमी-हॉलो (अर्धपोकळ) गिटारचा नाद गोड होतो, हे तुमच्या गिटारविषयीच्या लेखातील विधान मला पटले नाही. गिब्सन या अमेरिकी कंपनीने १९५८ मध्ये ईएस-३३५ ही सेमी-हॉलो गिटार बाजारात आणली, तेव्हा तिचे खरे वैशिष्ट्य होते ते पोकळ अंगाच्या मधोमध बसवलेला मेपलचा भरीव ठोकळा. त्यामुळे मोठ्या आवाजात अ‍ॅम्प्लिफायरसमोर पूर्ण पोकळ गिटार जशी घुमू लागते, तशी ती सहजी घुमत नाही आणि स्वरही अधिक वेळ टिकतो. तिचा दर्शनी भाग तर मेपल आणि पॉपलरचे पातळ थर चिकटवूनच केलेला होता.

लाकडावरच्या लाटा म्हणजे त्यातील तंतूंची नागमोडी धाव. प्रकाश त्यांवरून निरनिराळ्या कोनांत परततो, म्हणून गिटार जरा कलती केली की पट्टे सरकल्यासारखे दिसतात. हे देखणेपण मोलाचे आहेच, पण कारागिराचा कस लागतो तोही तिथेच: रंध्याखाली तंतू उपटून येतात, म्हणून शेवटचा हात पोलादी पातीने खरवडूनच फिरवावा लागतो, आणि कडेच्या पातळ पट्ट्या तापलेल्या नळीवर वाकवताना नेमक्या लाटेपाशी तडकतात. या कामाविषयी लेखात दोन परिच्छेद तरी असायला हवे होते.