बायबल खरं आहे, हे बुद्धीला पटू शकतं का?

चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून तोच मेसेज फिरतो : ‘विज्ञानाने बायबल खरं ठरवलं!’ खाली कुठल्यातरी उत्खननाचा फोटो आणि आमेनची रांग. मी ख्रिस्ती आहे, बायबलला देवाचं वचन मानतो, आणि तरीही हा मेसेज मला खुपतो. पुरावा आपल्या बाजूने बोलतो तेवढाच आपण ऐकून घेतो.

मृत समुद्राकाठी सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांचंच घ्या. १९४७ साली तिथल्या कुमरानच्या गुहेत बायबलच्या जुन्या करारातलं यशयाचं अख्खं पुस्तक सापडलं. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ते जवळजवळ हजार वर्षांनी जुनं. ताडून पाहिलं तर बहुतेक फरक किरकोळ, स्पेलिंगचे. हे आपण उपदेशात अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. पण तिथल्याच चौथ्या गुहेत यिर्मयाच्या पुस्तकाचेही तुकडे मिळाले. काही आपल्या बायबलशी जुळणारे, तर काही जुन्या ग्रीक भाषांतराशी, ज्यातला यिर्मया सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे. म्हणजे त्या काळी या पुस्तकाची दोन रूपं शेजारी शेजारी वाचली जात होती. हे मी आजवर एकाही उपदेशात ऐकलेलं नाही.

येशूच्या जन्माचंही तसंच. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय म्हणतो, तेव्हा यहुद्यांवर हेरोद राजा होता. हेरोद वारला इसवी सनापूर्वी ४ च्या सुमारास. दुसरा शुभवर्तमानकार लूक त्याच जन्माशी रोमन सुभेदार क्विरीनियच्या वेळची नावनिशी, म्हणजे जनगणना, जोडतो, आणि ती इसवी सन ६ मधली, असं इतिहासकार जोसीफस सांगतो. ही तफावत मिटवायच्या खटपटी पुष्कळ झाल्या. मला एकही पटलेली नाही.

मग विश्वास कशावर? येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या नावाचा शिलालेख १९६१ साली कैसरियात निघाला, पण येशूच्या रिकाम्या थडग्याबद्दल, म्हणजे तो मेलेल्यांतून उठला याबद्दल, तो काही सांगत नाही. तिथे साक्षच पारखावी लागते. प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र वधस्तंभानंतर पंचवीसेक वर्षांत लिहिलेलं. तो त्यात म्हणतो, उठलेला येशू पाचशेहून अधिक बांधवांना दिसला आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. वर हेही, की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. चौकशीला घाबरणारा माणूस असं लिहीत नाही. मला ही साक्ष खरी वाटते. अर्थात, देव आहे आणि तो इतिहासात हात घालू शकतो, हे मी आधीच मानतो. जो मानत नाही, तो हीच साक्ष वाचून वेगळ्या निष्कर्षाला येईल, आणि त्याला मी अप्रामाणिक म्हणणार नाही.

माझं मागणं एवढंच, की दृढीकरणाच्या वर्गात, म्हणजे चर्चमध्ये मुलांना विश्वासाचं शिक्षण देतात तिथे, यशयाबरोबर यिर्मया आणि क्विरीनियही शिकवा. कॉलेजात गेल्यावर यूट्यूबवर कुणीतरी मुलांना हे दाखवणारच आहे. तेव्हा ‘चर्चने आमच्यापासून लपवलं’ म्हणत ती निघून जातात, आणि त्यांचा राग रास्त असतो. पाळकांनी हे त्याआधी, स्वतःच्या तोंडाने सांगावं.